परीकथांची गमतीशीर विडंबनं सुचवा (८ ते ११ वर्षांच्या पोरांसाठी)

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, मी सांगलीची, विश्रामबागला असते. सोसायटीतल्या पोरांना शनिवारी संध्याकाळी गोष्टी सांगते, पण नेहमीच्या परीकथा त्यांना इतक्या पाठ झाल्यात की मी सुरुवात केली की शेवट तीच सांगून टाकतात. त्याच गोष्टी उलट्यापालट्या करून हसवणारं काही आहे का? इंग्रजी चालेल, मी मराठीत सांगेन. पण गोष्टीत दम पाहिजे, नुसता पाचकळपणा नको.

भडंगवाला:
ताई, शेवट पाठ आहे ते बरंच झालं, मूळ गोष्ट माहीत नसेल तर विडंबनाला कोण हसणार! जॉन शेस्काचं 'द ट्रू स्टोरी ऑफ द थ्री लिटल पिग्ज' (१९८९) डोळे झाकून घ्या. लांडगा आपली बाजू सांगतो, म्हणजे आजीच्या वाढदिवसाचा केक करत होतो, साखर संपली, शेजारच्या डुकराकडे मागायला गेलो, त्यात सर्दी झालेली, शिंक आली आणि गवताचं घर आडवं. खरं का खोटं ते पोरांनाच ठरवू द्या, लई भांडतात.

माहुलीकर:
साताऱ्याहून +१. रोआल्ड डालचं 'रिव्होल्टिंग ऱ्हाइम्स' (१९८२) पण बघा, सहा गोष्टी, सगळ्या पद्यात. लाल टोपीवाली स्वतःच पिस्तूल काढून लांडग्याला उडवते, आणि नंतर डुकरांच्या गोष्टीत तिसरं डुक्कर मदतीला तिलाच फोन लावतं, पुढचं सांगत नाही. फक्त त्यातल्या सिंड्रेलात राजपुत्र मुंडकी उडवत सुटतो, तेव्हा आधी स्वतः वाचा. आणि यमक सोडून सांगू नका, निम्मी मजा तिथंच आहे.

वाईची लेक:
ही पुस्तकं छानच, पण आपली चिमणी-कावळ्याची गोष्ट कावळ्याच्या तोंडून सांगून बघा की. शेणाचं घर वाहून गेलं, सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी चाळीस फुटांवर, बिचारा भिजत दार वाजवतोय आणि आतनं एकच, थांब माझ्या बाळाला तीट लावू दे! किती वेळ लागतो हो एका तीटेला? माझ्या भाचरांनी तर कावळ्याच्या बाजूनं चिमणीवर केस टाकली, एक वकील, एक जज, धाकटा साक्षीदार भोपळा, तो टुणूक टुणूक करतच कोर्टात आला.

कृष्णाकाठ:
भोपळा साक्षीदार, वा!! येत्या शनिवारी कावळाच घेते. डालच्या लाल टोपीवालीचं मराठीत यमक जुळवायला कुणी मदत कराल का? पहिल्या चार ओळी झाल्या तरी पुढचं मी ओढीन.