बीट-गाजराची विरळणी कशी करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कोथरूडला गच्चीवर विटांचा वाफा आहे, ४ फूट बाय ३ फूट, माती साधारण १० इंच खोल, ऊन दुपारपर्यंत मस्त येतं. तीन आठवड्यांपूर्वी त्यात गाजर आणि बीट पेरलं, गाजराचं बी इतकं बारीक की हातातून भसाभस पडलं आणि आता रोपं अगदी केसांसारखी दाट आलीत, त्यातली जादाची काढून विरळ करायचीत. बिटाचं तर एकेका बीला तीन-तीन रोपं, ते असतंच म्हणा, त्याचं बी म्हणजे गुच्छच असतो.

एका कोपऱ्यात बीट उपटून पाहिलं तर शेजारचंही मुळासकट हललं आणि दुपारी माना टाकल्या, म्हणून थांबले. पाणी रोज सकाळी झारीने, खत फक्त गांडूळखत. गाजर उपटून दुसरीकडे लावलं तर मूळ फाटे फुटून वेडंवाकडं होतं हे माहितीये, त्यामुळे तो विचार नाही. पण बिटाची काढलेली रोपं फेकायला जीव होत नाही, शेजारी दोन मोठ्या कुंड्या रिकाम्या आहेत.

तर ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, उपटण्याऐवजी कात्रीने जमिनीलगत कापलं तर चालेल का, गाजराच्या रोपांत एकदम दोन इंचांचं अंतर ठेवू की दोन टप्प्यांत, आणि बिटाची रोपं दोन खरी पानं (पहिल्या बीजपानांनंतर येणारी) आल्यावर कुंडीत लावली तर नीट गड्डा धरतात का?