ब्रॅगाडोशिओ म्हणजे काय ते ग्रुपवरच सांगा

शिंदे ए-११०१: जोगळेकर मॅडम, काल मी 'लिफ्ट माझ्या एका फोनवर सुरू झाली' असा मेसेज टाकला, त्याखाली तुम्ही माझ्यासाठी इंग्रजीत एक शब्द लिहिलात. ब्रॅगाडोशिओ. वयाचा मान ठेवून रात्री काही बोललो नाही. पण आज सकाळी पार्किंगमध्ये दोघं जण माझ्याकडे बघून हसले. काय अर्थ आहे तो इथेच, सगळ्यांसमोर सांगा.

नीता पाटील बी-३०२: बी विंगला सात वाजल्यापासून पाणी नाही. मोटर कोणी लावली का?

ओंकार ए-६०४: इटालियन डोसा असेल काका. राम मारुती रोडला विचारून बघतो 😄

गावडे सेक्रेटरी: ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे. कृपया 🙏

कुलकर्णी वहिनी ए-७०२: गावडे, रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकता ती कसली सूचना असते?

जोगळेकर मॅडम: शिंदेसाहेब, शिवी नाही हो ती. एडमंड स्पेन्सर नावाचा इंग्रज कवी होता. त्याच्या 'द फेअरी क्वीन' या दीर्घकाव्याचा पहिला भाग १५९० साली आला. त्यात ब्रॅगाडोचिओ नावाचं पात्र आहे. 'ब्रॅग' म्हणजे बढाई मारणं, त्याला स्पेन्सरने इटालियन वळणाचं शेपूट लावलं. पुढे त्या नावावरून तसल्या बढाईलाच ब्रॅगाडोशिओ म्हणू लागले.

शिंदे ए-११०१: बरं. आणि हे पात्र करतं काय?

जोगळेकर मॅडम: सर गायन नावाच्या सरदाराचा घोडा आणि भाला चोरतो, घोड्यावर बसतो आणि आपणच मोठे वीर म्हणून मिरवतो. मग रानात शिंग वाजतं, तेव्हा झुडपात जाऊन लपतो.

घोलप बी-१०१: 😂😂

शिंदे ए-११०१: घोलप, यात हसण्यासारखं काय आहे? मी कोणाचा घोडा चोरला?

घोलप बी-१०१: घोडा नाही भाऊ. व्हिजिटर पार्किंग.

नीता पाटील बी-३०२: बी विंग. पाणी नाही. मोटर कोण लावणार?

सावंत काका ए-४०३: आमच्या मालवणात ह्येका फुशारक्यो मारणा म्हणतत. त्येच्यासाठी इंग्लंडात कित्याक जावक् व्हया?

कर्वे काका सी-२०५: इंग्लंड कशाला, विराटाचा उत्तर आठवा ना! अंतःपुरात बायकांसमोर म्हणे, कौरवांना एकटा लोळवतो. सैन्य दिसलं मात्र, रथातून उडी टाकून पळत सुटला. बृहन्नडेच्या वेशातल्या अर्जुनाने मागे धावून धरून आणला. लढला अर्जुन, आणि विराटराजा दरबारात कौतुक करतोय लेकाचं.

जोगळेकर मॅडम: अगदी बरोबर कर्वे. म्हणून मी माज हा शब्द वापरला नाही. माज करणाऱ्याकडे निदान काहीतरी असतं, पैसा, जमीन, खुर्ची. इथे आत पोकळ आणि बाहेर ढोल.

शिंदे ए-११०१: म्हणजे मी पोकळ. छान. शाळेत शिकवत होतात म्हणून सगळ्यांनाच विद्यार्थी समजू नका मॅडम. लिफ्ट माझ्या एका फोनवर आली हे खोटं आहे का?

कुलकर्णी वहिनी ए-७०२: लिफ्ट तेरा दिवस बंद होती. प्रत्येक फ्लॅटने २,३०० रुपये काढले तेव्हा माणूस आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना मी सात मजले चढत होते. चौथ्या मजल्यावर दम खायला लाल प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं होतं, तेही कोणीतरी नेलं. ज्याने नेलं त्याने मुकाट्याने आणून ठेवावं.

गावडे सेक्रेटरी: वहिनी, जिन्यात वस्तू ठेवू नये असं सर्क्युलर आहे.

कुलकर्णी वहिनी ए-७०२: मग सर्क्युलरवर बसू का?

ओंकार ए-६०४: शिंदे काका, वाईट वाटून घेऊ नका. रॅपमध्ये ब्रॅगाडोशिओची रीतच आहे. मीच भारी, माझ्यासमोर कोणी टिकत नाही, हे ठासून सांगायचं. समोरचा त्याहून मोठी फेकतो. पब्लिक टाळ्या देतं.

शिंदे ए-११०१: बघा. म्हणजे चांगला अर्थही आहे. मॅडमनी तो सांगितला नाही.

ओंकार ए-६०४: हो, पण यमक जुळवावं लागतं काका.

नीता पाटील बी-३०२: बी विंग. पाणी. मोटर.

कर्वे काका सी-२०५: मॅडम, उच्चार डोशिओ की डोचिओ?

जोगळेकर मॅडम: शब्दाला दोन्ही चालतात.

घोलप बी-१०१: कसाही उच्चारा, माणूस कळला म्हणजे झालं.

शिंदे ए-११०१: घोलप, गणपतीच्या वर्गणीचा हिशोब अजून ग्रुपवर आलेला नाही. त्याला इंग्रजीत काय म्हणतात तेही मॅडमना विचारा.

घोलप बी-१०१: हिशोब नोटीस बोर्डावर लावलाय. गाडीतून उतरलात तर दिसेल.

गावडे सेक्रेटरी: दोघांनीही वैयक्तिक बोलू नये. विषय इथे संपला.

सावंत काका ए-४०३: मॅडम, त्या घोडो चोरणाऱ्याचा शेवटी काय झाला?

जोगळेकर मॅडम: पुढचा भाग १५९६ ला आला, त्यात उघडा पडतो. घोडा मूळ मालकाला परत मिळतो आणि याला सभेबाहेर ओढून याची दाढी भादरतात.

सावंत काका ए-४०३: शिंदेंका दाढी नाय ह्या बरा.

नीता पाटील बी-३०२: पाणी आलं! थँक्यू, ज्यांनी मोटर लावली त्यांना.

शिंदे ए-११०१: वेलकम नीताताई. आत्ताच वॉचमनला फोन करून झापला. एका फोनचं काम होतं.

घोलप बी-१०१: वॉचमन साडेआठला जेवायला गेलाय, त्याचा फोन केबिनमध्ये चार्जिंगला आहे. मोटर मी खाली जाऊन लावली. आत्ता पंपरूममध्येच उभा आहे. वहिनी, तुमचं लाल स्टूल इथे आहे, त्यावर ग्रीसचा डबा ठेवलाय.

शिंदे ए-११०१: हा मेसेज डिलीट केला आहे.

कुलकर्णी वहिनी ए-७०२: घोलप, येताना ते स्टूल घेऊन या. आणि ग्रीस पुसून.