धुळवडीचा रेन डान्स: सोसायटी ग्रुप

सचिव (ए-२०४): नमस्कार मंडळी. धुळवडीला मागच्या पार्किंगमध्ये रेन डान्स ठेवावा असं कमिटीत ठरतंय. दहा हजार लिटरचे दोन टँकर लागतील. कोणाची हरकत असेल तर आजच सांगा, उद्या ॲडव्हान्स द्यायचाय.

सी-३०१: माझी हरकत आहे. सदाशिव अमरापूरकरांनी याच गोष्टीसाठी मार खाल्लाय. मार्च २०१३, मुंबईत वर्सोव्याला ते राहायचे तिथेच रेन डान्स चालू होता. राज्यात १९७२ नंतरचा सगळ्यात वाईट दुष्काळ म्हणत होते तेव्हा. पाणी वाया घालवू नका एवढंच सांगायला ते गेले, तर लोक अंगावर धावून आले. बासष्ट वर्षांचा माणूस!

ए-६०३: बाप रे, 'सडक'मधली महाराणी ना? हे माहीतच नव्हतं.

डी-१०२: ताई, पाण्याचा मुद्दा वेगळा. पण नटांचे दाखले नकोत. नटाने नट असावं. आज या मोर्चात, उद्या त्या पक्षात. फोटो काढून झाले की गायब.

सी-३०१: काका, तसे असतातच. पण या पिढीला त्यात धरू नका. अमरापूरकर आमच्या नगरचे. 'अर्धसत्य', 'सडक' सगळं करून पुन्हा नगरच्या स्नेहालयासाठी, अंधश्रद्धा निर्मूलनासाठी वेळ देत राहिले. आणि सामाजिक कृतज्ञता निधी तुम्हाला आठवत असेल. बाबा आढाव, दाभोलकर यांच्या पुढाकाराने उभा राहिला. डॉ. लागू, निळू फुले, तनुजा, अमरापूरकर अशा मंडळींनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगावी केले आणि पैसा निधीत घातला. व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन. जो माणूस घरदार सोडून काम करतो त्याच्या घरी चूल पेटली पाहिजे, हा विचार किती जणांना सुचतो? नटांनी त्यासाठी आपला धंदाच कामाला लावला. याला फोटो काढणं म्हणत नाहीत.

बी-५०२: निळूभाऊ तर मूळचे राष्ट्र सेवा दलाचे. पुण्यात लष्करी मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचे, त्या तुटपुंज्या पगारातूनही सेवादलाला पैसे द्यायचे. सिनेमातल्या पाटलामुळे बायका शिव्या घालायच्या त्यांना.

डी-१०२: निळूभाऊंबद्दल मीही वावगं बोलणार नाही. पण लागूंनी देवाला रिटायर करा म्हटलं. लोकांच्या श्रद्धेला हात घालायची काय गरज होती? आमच्या आईला फार लागलं होतं ते.

सी-३०१: आजींना लागलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यांनी ते उघडपणे, नाव घालून लिहिलं. मग दाभोलकरांबरोबर गावोगाव जाहीर वाद-संवाद केले. लागू म्हणायचे देव नाही, दाभोलकर म्हणायचे आमची समिती देवाबद्दल तटस्थ आहे, आणि समोरचे लोक दोघांनाही प्रश्न विचारायचे. पटत नाही ते समोर बसून ऐकायची सवय आपल्याला कुठे राहिलीय आता? २००० साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता यावं म्हणून लागू त्या आंदोलनात उतरले, तेव्हा सत्तरी ओलांडली होती. बायका चौथऱ्यावर गेल्या त्या २०१६च्या गुढीपाडव्याला. तोवर दाभोलकरांचा खून होऊनही तीन वर्षं होत आली होती. मला तर ते आठवलं की अजून संताप येतो.

ए-६०३: ताई सगळं मान्य, पण मुलं महिनाभर वाट बघतायत. आणि आपण पैसे देऊन पाणी घेतोय, कोणाचं चोरत नाहीये.

सी-३०१: अरे, पैसे देऊन घेतलेलं पाणीही कुठल्या तरी विहिरीतून, बोअरमधूनच येतं ना. माझ्या मामाचं गाव पाथर्डी तालुक्यात. त्या २०१३ला टँकर यायचा आणि थेट विहिरीत रिकामा व्हायचा. मग कठड्यावर बायकांची ही झुंबड. पोहरा टाकायचा, गढूळ पाणी वर ओढायचं, फडक्याने गाळून हंड्यात घ्यायचं. मामी दोरी ओढून सोललेले तळवे दाखवायची. अमरापूरकरांनी असली गावं पाहिली होती, म्हणून त्यांना खिडकी लावून घरात बसवलं नाही. दूरच्या मोर्चात जाणं त्या मानाने सोपं. रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांना 'हे थांबवा' म्हणायला छाती लागते. पुढच्याच वर्षी, २०१४च्या नोव्हेंबरात गेले ते.

बी-५०२: मी ताईंच्या बाजूने. मे महिन्यात याच ग्रुपवर 'टँकर कधी येणार' म्हणून आपण भांडतो.

डी-१०२: पाण्याचं पटलं. टँकर नको. नटांनी पक्षाच्या व्यासपीठावर जाऊ नये हे मत मात्र माझं कायम आहे.

सी-३०१: असू द्या काका. पण जातील त्यांना निदान ते काय बोलतात यावरून तोला, नट आहेत म्हणून नको.

सचिव (ए-२०४): बहुमत दिसतंय, टँकरवाल्याला नाही कळवतो. कोरडा रंग आणि ढोल-ताशा. ए-६०३, मुलांशी तू बोल. ढोलासाठी कोणाच्या ओळखीचं पथक असेल तर नंबर मला वैयक्तिक पाठवा.