संगणकावरून शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठी जुनी यंत्रणा सुधारायची आहे. पैसे आधी कशावर खर्च करावेत?

खर्जषड्ज (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

निवृत्तीनंतर गेले वर्षभर मी घरातला संगीतसंग्रह संगणकावर आणत आहे. त्यात सुमारे ३०० सीडी आहेत, शिवाय वडिलांनी १९८० च्या दशकात आकाशवाणीवरून आणि घरगुती बैठकींतून ध्वनिमुद्रित केलेल्या साठ-सत्तर कॅसेट आहेत. सीडी फ्लॅक या फाइल स्वरूपात उतरवून झाल्या असून कॅसेटचे काम अर्ध्यावर आहे. लॅपटॉपच्या हेडफोनच्या खाचेतून निघालेली तार वीस वर्षांपूर्वीच्या एका स्टिरिओ अँप्लिफायरला जाते आणि त्याला पाच इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा पडदा) असलेले दोन लहान स्पीकर जोडलेले आहेत. खोली १२ फूट बाय १० फुटांची, फरशी गुळगुळीत टाइल्सची. स्पीकर पुस्तकांच्या कपाटात सर्वांत वरच्या फळीवर ठेवले आहेत, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

मैफलीच्या सुरुवातीला नुसते तानपुरे वाजत असतात, त्या वेळी मागे एक संथ ‘घुंऽऽ’ असा आवाज सतत ऐकू येतो. पुरुष गायकांच्या तानपुऱ्यातली खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार जवळजवळ लोपलेली असते, डग्ग्याचा घुमारा पोकळ वाटतो आणि तासाभरात कान थकतात. दुकानात चौकशी केली तेव्हा वेगळा डॅक (संगणकातील अंकीय ध्वनीचे विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारे यंत्र), जाड तारा आणि सबवूफर (फक्त खालच्या स्वरांचा वेगळा स्पीकर) घेण्याचा सल्ला मिळाला. त्याचा एकूण खर्च पन्नास हजारांच्या पुढे जातो. माझी मर्यादा पन्नास हजारांचीच आहे आणि ती एकदाच खर्च करता येईल. म्हणून खरेदीच्या आधी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

सोल्डरगन

खर्जषड्ज, आपण वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझी कळकळीची विनंती आहे की ‘घुं’ कोठून येते हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये.

प्रथम अँप्लिफायर चालू ठेवून त्यात येणारी लॅपटॉपची तार मागून पूर्णपणे काढा. तरीही आवाज तसाच राहिला आणि आवाजाची कळ फिरवूनही तो कमी-जास्त झाला नाही, तर अँप्लिफायरच्या वीजपुरवठ्यातले फिल्टर कपॅसिटर वयोमानाने कोरडे पडले असण्याची शक्यता मोठी. ते बदलणे हे चांगल्या कारागिराचे तासा-दोन तासांचे काम आहे, त्यासाठी नवा अँप्लिफायर घ्यावा लागत नाही. तार काढताच आवाज थांबला, तर ती परत लावा आणि लॅपटॉपचा चार्जर उपसून तो बॅटरीवर चालवा. आता शांतता असेल, तर दोष अर्थिंगच्या वेटोळ्याचा आहे: चार्जरची अर्थिंग एका मार्गाने आणि अँप्लिफायरची दुसऱ्या मार्गाने जमिनीला मिळते, त्या दोन मार्गांमधल्या किंचित विद्युतदाबाच्या फरकामुळे सिग्नलच्या तारेच्या आवरणातून प्रवाह वाहतो आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचा आवाज स्पीकरमधून येऊ लागतो.

याचा पहिला उपाय म्हणजे चार्जर आणि अँप्लिफायर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावणे. त्याने भागले नाही, तर दोन्हींच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर (सिग्नल पुढे नेऊन अर्थिंगची जोडणी तोडणारा) बसवता येतो. मात्र अगदी स्वस्त आयसोलेटर खालचे स्वर खातात. चार्जरची किंवा अँप्लिफायरची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नका. आवाज थांबेलही, पण ती पिन यंत्रासाठी नसून आपल्या जिवासाठी असते.

दुकानदाराने सांगितलेल्या डॅकबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. यूएसबीच्या तारेतूनही अर्थिंग जोडली जाते, म्हणून यूएसबीवरचा डॅक घेतल्याने हे वेटोळे तुटेलच असे नाही. ऑप्टिकल तारेतून केवळ प्रकाश जातो, त्यामुळे ती तार हे वेटोळे तोडते, परंतु बहुतेक लॅपटॉपना तशी जोडणी नसते.

जवारी

सोल्डरगन यांच्याशी मी सहमत आहे. मला खर्जाविषयी लिहायचे आहे, कारण तेथे आपली दिशाभूल होत आहे असे वाटते.

काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज मानून) गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. पाच इंची वूफर तेथपर्यंत पूर्ण जोराने पोहोचत नाही हे खरे. पण तानपुऱ्याचे मर्म मूळ स्वरापेक्षा जवारीतून (घोडीवर तार घासून होणाऱ्या झणकारातून) उमटणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांमध्ये आहे, आणि ते शुद्ध ऐकू आले की खालचा स्वर कान स्वतःच भरून काढतो. तेव्हा ख्यालगायकीसाठी सबवूफर अनिवार्य नाही. आपल्याला खर्ज मुळीच ऐकू येत नसेल, तर माझा पहिला संशय एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्याचा आहे. तसे झाले की एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघांचे खालचे स्वर एकमेकांना मारतात.

तपासणी सोपी आहे. एखादे जुने मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारे) ध्वनिमुद्रण लावा आणि दोन्ही स्पीकरपासून समान अंतरावर बसा. आवाज दोहोंच्या बरोबर मध्ये, जणू तेथे गायक बसला आहे असा आला पाहिजे. तो पसरट, डोक्याच्या दोन्ही बाजूंना विखुरल्यासारखा वाटला, तर मागे जाऊन लाल-काळ्या जोडण्या पाहा.

त्यानंतर स्पीकर त्या फळीवरून खाली उतरवा. छत आणि भिंत यांच्या कोनात ठेवलेल्या स्पीकरचे काही खालचे स्वर फुगतात, काही दबतात, आणि वरचे स्वर आपल्या डोक्यावरून जातात. ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, स्पीकर मागच्या भिंतीपासून किमान फूट-दीड फूट पुढे, आणि दोन स्पीकरमध्ये जेवढे अंतर तेवढेच आपल्यापर्यंत, अशी मांडणी करा. कान थकण्याचे एक कारण उघडी टाइल्सची फरशी आहे, म्हणून स्पीकर आणि आपण यांच्या मध्ये जाड सतरंजी अंथरा. वूफरच्या कडेची पट्टी फोमची असेल, तर बोटाने हळूच दाबून पाहा; आपल्या दमट हवेत ती वर्षांनुवर्षांनी कुजून तिचे तुकडे पडतात, आणि ती बदलून मिळते.

बिटमोजणी

संगणकाच्या बाजूचे थोडेसे. आपल्या सीडींचे ध्वनिमुद्रण १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ असे आहे आणि फ्लॅकमध्ये त्यातले काहीही गाळले जात नाही. विंडोजमध्ये मात्र ध्वनीच्या सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ निवडलेले असेल, तर प्रत्येक फाइल वाजताना पुन्हा मोजली जाते. फूबार २००० सारख्या प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह हा (विंडोजचे फेरफार टाळून थेट पुढे जाणारा) मार्ग निवडला की फाइल आहे तशी पुढे जाते. याहूनही महत्त्वाचे म्हणजे ‘एन्हान्समेंट’ या नावाखालचे सर्व पर्याय बंद करा. लॅपटॉप बनवणारे आपल्या छोट्या स्पीकरांसाठी जे कृत्रिम फेरफार करतात, ते कित्येकदा हेडफोनच्या वाटेवरही लागू होतात, आणि कान थकण्याचे ते दुसरे कारण असू शकते.

डॅक जरूर घ्या, पण साधा. हेडफोनच्या खाचेतून माउस हलवताना किंवा पान सरकवताना बारीक किरकिर ऐकू येत असेल, तर ती डॅकने बहुधा जाईल. त्यापलीकडे चार हजारांच्या आणि चाळीस हजारांच्या डॅकमधला फरक ऐकण्याआधी स्पीकरांमधला फरक ऐकू येतो. जाड तारांवर पैसे घालवू नयेत. दहा-बारा फुटांसाठी साधी चांगल्या तांब्याची तार पुरेशी आहे.

खर्जषड्ज

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस सर्व तपासण्या केल्या, त्याचा वृत्तांत देतो.

चार्जर उपसताच ‘घुं’ थांबली. अँप्लिफायर एका भिंतीवरच्या आणि चार्जर समोरच्या भिंतीवरच्या प्लगमध्ये होता. आता दोन्ही एका बोर्डावर आहेत आणि खुर्चीत बसून तो आवाज ऐकू येत नाही. मोनो ध्वनिमुद्रण लावले तेव्हा आवाज जवारी यांनी लिहिल्याप्रमाणे विखुरलेला होता. उजव्या स्पीकरच्या मागे टॉर्च धरून पाहिले, तर रंगकामानंतर जोडताना लाल खाचेत काळी तार गेलेली. ती बदलली, पुन्हा खुर्चीत येऊन बसलो आणि गायकाचा आवाज पुस्तकांच्या कपाटासमोर, दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहिला. त्यामागे तानपुऱ्याची चौथी तार सुटी, स्पष्ट ऐकू येत होती. घरातली मंडळीही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभी राहिली. स्पीकर आता दोन लाकडी स्टुलांवर आहेत. फोमच्या पट्टीला मात्र डाव्या वूफरवर भेगा दिसल्या.

आता उरलेला प्रश्न. कॅसेट मी टेपडेकमधून लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत उतरवत होतो. सीडी आता सुंदर वाजतात, पण कॅसेटचा आवाज अधिकच बसका आणि फाटका वाटू लागला आहे.

सोल्डरगन

आनंद झाला. आता तो दोष यंत्रणेने लपवलेला नाही, म्हणून ऐकू येतो आहे.

माइकची खाच मायक्रोफोनच्या क्षीण सिग्नलसाठी असते आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये ती मोनो असते, त्यामुळे डेकचा जोरदार सिग्नल तेथे फाटतो. आपल्या पन्नास हजारांतून पहिली खरेदी लाइन-इन (टेपडेकसारख्या जोरदार सिग्नलसाठीची खाच) असलेल्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसची करा. तोच आपला डॅकही होईल, म्हणजे एका खर्चात दोन कामे. दुसरा खर्च डाव्या वूफरच्या पट्टीचा, आणि जोडी सारखी राहावी म्हणून उजव्याचीही बदलून घ्या. अँप्लिफायर बदलण्याची गरज नाही, कारण एवढ्या खोलीत नेहमीच्या ऐकण्याला काही वॉट पुरतात आणि शक्ती दुप्पट केल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. उरलेली रक्कम राखून ठेवा. पट्टी बदलल्यावर महिनाभर ऐका आणि त्यानंतरच नव्या स्पीकरांचा विचार करा, तोही आपल्याच दोन-तीन फाइली सोबत नेऊन ऐकल्यावर.

डेकचे हेड (टेप वाचणारा भाग), कॅप्स्टन (टेप ओढणारा धातूचा दांडा) आणि रबरी चाक स्वच्छ करा: पहिल्या दोहोंना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस चालेल, रबराला साधे ओलसर फडके बरे. मग हेडशेजारचा अझिमथचा (हेडचा टेपशी होणारा कोन बदलणारा) स्क्रू अगदी थोडा, पाव वळणाहूनही कमी, फिरवत तानपुऱ्याची जवारी सर्वांत झळझळीत होईल त्या ठिकाणी थांबवा. ज्या डेकवर वडिलांनी ध्वनिमुद्रण केले तो आणि आपला डेक वेगळा असल्यास हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावे लागेल. मूळ डेक अजून घरात असेल, तर आधी तो दुरुस्त होतो का ते पाहा. सुरुवात घरगुती बैठकींच्या कॅसेटपासून करा; त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही.