मदत हवी आहे: ऑस्टिनच्या तापमानाच्या मार्केटात आपल्याकडचा उन्हाचा अनुभव चालतो का?

गोदाकाठचा:
नमस्कार मंडळी. मी सेलूचा, जिल्हा परभणी, कृषी सेवा केंद्र आहे आपलं. प्रश्न जरा येगळाच आहे पण इथं शेअर मार्केटवाले बी आहेत अन् हवामानवाले बी, म्हणून विचारूलालो.

माझा आतेभाऊ, त्याला मी दादा म्हणतो, टेक्सासात ऑस्टिनला असतो, नोकरी करतो. तिथं कल्शी नावाचं एक्सचेंज आहे, अमेरिकेच्या सरकारी नियामकाची परवानगी असलेलं, अन् त्याच्यावर रोज मार्केट असतंय की आज ऑस्टिनचं कमाल तापमान किती जाणार. दोन-दोन डिग्रीचे खाने करून ठेवलेले, म्हणजे समजा ९६ ते ९७, ९८ ते ९९ असे, आणि दोन्ही टोकांना 'यापेक्षा कमी' आणि 'यापेक्षा जास्त'. तुमचा खाना आला तर एक डॉलर, नाही आला तर शून्य. खाना ३५ सेंटला मिळत असेल तर मार्केटच्या मते तो यायची शक्यता साधारण ३५ टक्के, एवढं मला त्यानं समजावलं.

आता दादाचं म्हणणं असं की तुला ऊन कळतंय, तू रोज कमाल-किमान लिहून ठेवतोस (हे खरंय, दुकानात वही आहे, फवारणीसाठी गिऱ्हाईक विचारतंच), तर तू मला सांगत जा, पैसा माझा, खातं माझं. मी म्हणलं बाबा मी सेलूत बसून ऑस्टिनचं काय सांगू. तर म्हणतो इथली जमीन बी काळीच आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात, कापूस पिकतो, आपल्यासारखंच सगळं.

मला विचाराल तर काळ्या रानाचं एक नक्की ठाऊक आहे. रान कोरडं ठणठणीत असलं की ऊन सगळं हवा तापवायला लागतं, अन् वळीव पडून रान ओलं झालं की दुसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र असलं तरी पारा वर चढत नाही, कारण ऊन आधी ओल वाळवण्यात जातं. हे तिकडं बी लागू पडंल का? आणि दुसरं, असलं काही मी इथून स्वतःच्या नावानं करू शकतो का? जाणकारांनी सांगावं.

---

चिकलठाणा_४३:
दुसऱ्या प्रश्नाचं आधी. नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, बँकांनाही त्यासाठी पैसे वळते करायला मनाई. इथली हो-नाही वाली ओपिनियन ट्रेडिंगची ॲप त्याच वेळी गुंडाळली गेली. सेबीनं (शेअर बाजाराची नियामक संस्था) त्याच्या आधीच, एप्रिल २०२५ ला, हे प्रकार आमच्या देखरेखीखाली येत नाहीत असं बजावलं होतं. बाहेरच्या साइटवर इथून पैसे पाठवून लावणं म्हणजे फेमाची (परकीय चलनाच्या कायद्याची) भानगड वेगळीच. कुणी टेलिग्रामवर 'क्रिप्टोनं होतं भाऊ' म्हणलं तर ग्रुप सोडा.

दादा तिथला रहिवासी आहे, त्याचं तो बघेल. तुम्ही भावाला हवामान सांगता एवढंच ठेवा, टक्का-हिस्सा ठरवत असाल तर आधी सीएला विचारा.

---

मोसंबी_बदनापूर:
गोदाकाठचे भाऊ, तुम्ही कृषी सेवा केंद्रवाले असून तुमच्या लक्षात कसं आलं नाही, हे मार्केट आपण वर्षानुवर्षं खेळतोच की! हवामान आधारित फळपीक विमा. बागेत काय झालं याला कुणी विचारत नाही, महसूल मंडळातल्या महावेध केंद्राच्या (स्वयंचलित हवामान केंद्राच्या) यंत्रात किती नोंदलं गेलं त्याच्यावर भरपाई. तापमान ठराविक मर्यादेच्या वर सलग इतके दिवस गेलं तर ट्रिगर, म्हणजे भरपाई लागू, एक दिवस दशांशानं कमी भरलं की साखळी तुटली. आमची बाग केंद्रापासून लांब, खडकाळ रानात, केंद्र पाझर तलावाच्या बाजूला. फळगळ आमच्याकडं झाली, यंत्र थंडगार. भांडून काही उपयोग नाही कारण करारात यंत्रच लिहिलेलं असतंय.

तर सांगायचा मुद्दा, दादाला पहिला प्रश्न विचारा की यंत्र कोणतं. ऑस्टिन म्हणजे ऑस्टिन नसतं.

---

टेक्सासची_लातूरकर:
मोसंबी दादांनी अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी डॅलसजवळ राहते, मूळ औसा तालुका. ट्रेडिंग करत नाही पण नवरा या नादात आहे त्यामुळे घरात रोज हेच ऐकते, आता माझंच पाठ झालंय.

ऑस्टिनमध्ये दोन मोठी केंद्रं. एक कॅम्प मेब्री, शहरात, जुनं, टीव्हीवर आणि विक्रमांच्या यादीत तेच असतं, २०११ च्या दुष्काळात तिथं ९० दिवस शंभर फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेले होते तो आकडा तिथलाच. दुसरं बर्गस्ट्रॉम विमानतळ, शहराच्या आग्नेयेला, मोकळ्या सपाट रानात. मार्केटच्या नियमात विमानतळ आहे. रात्री तर या दोन्हींत चांगलाच फरक पडतो, विमानतळ मोकळा म्हणून लवकर निवतो. म्हणून तुमचे दादा घराबाहेर उभं राहून 'आज लई गरम आहे' म्हणत असतील तर त्याचा काहीही उपयोग नाही, नियमाचं पान वाचा म्हणावं.

काळ्या मातीचं खरं आहे. इकडं तिला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात, आपल्या रेगुरसारखीच, फुगते-आकसते, घरांचे पाये हलतात. ती पट्टी ऑस्टिनच्या पूर्वेकडूनच जाते, पश्चिमेला मात्र लगेच चुनखडीच्या टेकड्या लागतात. म्हणजे तुमचा ओल्या रानाचा नियम निम्म्या शहराला लागतो, पण विमानतळ पूर्वेच्या बाजूला आहे म्हणून तुमच्या नशिबानं तो कामाचा.

पण तीन गोष्टी वेगळ्या लक्षात ठेवाव्या लागतात.

घड्याळ. परभणीत सूर्य डोक्यावर येतो साधारण साडेबाराच्या आत आणि पारा अडीच-साडेतीनला टोक गाठतो. ऑस्टिनला उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं केलेलं असतं, त्यात ते टाइम झोनच्या पश्चिम बाजूला, त्यामुळं मध्यान्हच दीडच्या आसपास होते आणि कमाल चार-पाचला. तीन वाजता बघून 'झालं, आता उतरणार' असं म्हणणारे आपले लोक तिथंच फसतात.

दिवस कुठून कुठपर्यंत. इथल्या हवामान खात्याचा दिवस प्रमाण वेळेनं मोजतात, उन्हाळ्यातसुद्धा. म्हणजे तेव्हा घड्याळात रात्री एक ते पुढच्या रात्री एक. उन्हाळ्यात फरक पडत नाही, हिवाळ्यात मध्यरात्र महत्त्वाची, कारण नॉर्दर. उत्तरेचा वारा घुसला की तासा-दोन तासांत पारा धाडकन खाली. समजा मध्यरात्री ६५ आहे आणि पहाटे नॉर्दर आला, दुपारभर ४५ च्या वर जात नाही, तरी त्या दिवसाची कमाल ६५ च धरणार! आपल्याकडं थंडी पायरी-पायरीनं उतरते, असलं डोक्यातच येत नाही.

तिसरं म्हणजे मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा. सकाळी खालचे ढग येतात, दहा-अकराला विरले तर ठीक, एकपर्यंत टिकले तर त्या दिवशीची कमाल गेलीच समजा. जूनमध्ये मृगाच्या तोंडावर आपल्याकडं आभाळ भरून राहतं आणि नुसता उकाडा होतो, पारा मात्र चढत नाही, तसलाच प्रकार.

---

ढगातला_डेटा:
मी पायथन प्रोग्रामिंगवाला माणूस, मला वळीव-बिळीव कळत नाही, पण एक सापळा सांगतो जो नवीन लोकांना खातो. लाइव्ह पाच मिनिटांचं तापमान दाखवणारी पानं असतात ना, त्यात आकडा पूर्ण सेल्सिअसला गोल होतो आणि मग परत फॅरनहाइट केला जातो. यंत्रात खरं ९८ फॅरनहाइट असेल तर ते ३६.७, गोल होऊन ३७, परत फिरवलं की ९८.६, म्हणजे पानावर ९९. यंत्रात ९९ असेल तरी पानावर ९९ च. म्हणजे ९९ दिसलं म्हणून ९९ झालं असं नाही. वर बघा गोदाकाठच्या भाऊंनी खाने लिहिलेत, ९८-९९ एकाच खान्यात असतील तर वाचलात, ९७-९८ आणि ९९-१०० असे असतील तर एका डिग्रीवर सगळा खेळ. तासाच्या मेटारमध्ये (विमानतळाच्या हवामान नोंदीत) दशांश असतो, तो बघायचा. आणि शेवटचा शब्द खात्याच्या दैनिक हवामान अहवालाचा, संध्याकाळचा कच्चा येतो, पक्का मध्यरात्रीनंतर.

बाकी समोर कोण आहे हेही बघा. एचआरआरआर नावाचं मॉडेल दर तासाला नवीन अंदाज काढतं, युरोपियन मॉडेल आहे, ते सगळं वाचून बॉट (आपोआप सौदे करणारे प्रोग्राम) किंमती हलवतात. 'उद्या गरम राहील' हे त्यांना तुमच्या आधी माहीत. तुमच्याकडं काही असेल तर ते एकच, मॉडेल या एका केंद्रावर कोणत्या दिवशी सारखं एकाच बाजूला चुकतं ते.

---

गोदाकाठचा:
ताई लई आभारी, घड्याळाचं तर माझ्या ध्यानीमनी नव्हतं. दादाला रात्री फोन केला, त्याला बी मेब्री-बर्गस्ट्रॉम माहीत नव्हतं. घर त्याचं पश्चिमेला टेकडीवर, अन् गप्पा काळ्या मातीच्या!

मोसंबी दादा, तुमचं वाचून वाटलं आपल्याकडं तर दोन-दोन यंत्रांची सवयच आहे. परभणीत हवामान खात्याचा आकडा येगळा अन् कृषी विद्यापीठाचा येगळा, हिवाळ्यात विद्यापीठाचा खाली असतो अन् पेपरवाले जो जास्त सनसनाटी तो छापतात. गिऱ्हाईक विचारतं 'खरा कोणता?' दोन्ही खरे, जागा येगळी.

ढगातला_डेटा सर, तुमचं शेवटचं वाक्य मला पटलं. मग माझा प्रश्न असा बदलतो: पाऊस पडून गेल्यावरचा पहिला कोरडा, उघडा दिवस. अशा दिवशी मॉडेल बर्गस्ट्रॉमला जास्त सांगतं का? हे तपासायचं कसं?

---

ढगातला_डेटा:
आता कसं बोललात. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचं मेसोनेट म्हणून संग्रह आहे, फुकट, विमानतळांच्या जुन्या नोंदी आणि जुने मॉडेल-अंदाज दोन्ही मिळतात. मागच्या काही उन्हाळ्यांचे मे ते सप्टेंबर काढा. एका रकान्यात आदल्या संध्याकाळचा अंदाज, दुसऱ्यात झालेली कमाल, तिसऱ्यात वजाबाकी, चौथ्यात आधीच्या तीन दिवसांचा पाऊस. पाऊस असलेले दिवस वेगळे काढून वजाबाकीची सरासरी बघा. फरक अर्ध्या डिग्रीच्या आत असेल तर विषय संपला, फी आणि खरेदी-विक्रीच्या भावातला फरक त्याहून जास्त खातील. मॉडेलमध्येही जमिनीची ओल धरलेली असते हे लक्षात ठेवा, तुम्हाला सापडलंय ते कदाचित त्यांना आधीच सापडलेलं असेल.

आणि दादाला म्हणावं तोवर कागदावरच खेळ. रोज सकाळी 'हा खाना इतके टक्के' असं लिहायचं, त्या वेळचा भाव शेजारी लिहायचा. तुमचे टक्के भावापेक्षा बरे निघाले का ते महिन्या-दोन महिन्यांत दिसतं.

---

चिकलठाणा_४३:
वही आहेच की दुकानात. जरा अवांतर, जून २०२५ मध्ये एनसीडीईएक्स (शेतमालाच्या वायद्यांचं एक्सचेंज) आणि भारतीय हवामान खात्याचा करार झालाय, हवामानावरचे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे हवामानाच्या आकड्यावरचे वायदे, आणायचे म्हणून. ते आलं तर तुमच्यासारख्याला इथंच कायदेशीर काम आहे, आणि ते सट्ट्यापेक्षा विम्याच्या जवळचं असेल अशी आशा.

---

गोदाकाठचा:
करतो. पावसाचा आकडा कुठून घेऊ, अन् हे सगळं सेल्सिअसमध्ये करून घेऊ का? शंभर म्हणजे ३७.८, ते आपल्या डोक्यात मार्चअखेरचं ऊन म्हणून बसतं, फॅरनहाइटचं काही चित्रच उभं राहत नाही.

---

टेक्सासची_लातूरकर:
पाऊस त्याच दैनिक अहवालात असतो, तापमानाच्या खालीच, इंचात. शंभराव्या भागापर्यंत देतात.

---

ढगातला_डेटा:
सेल्सिअस करू नका. खाने फॅरनहाइटमध्ये, निकाल फॅरनहाइटमध्ये, तुम्ही मध्ये फिरवलं की तोच गोल करायचा घोळ तुमच्या वहीत घुसेल. डोक्यासाठी हवं तर शेजारी पेन्सिलनं लिहा.