प्रति: खटका वर राहतच नाही

तुमच्या घरच्या विजेच्या बोर्डातला खटका वर केला की परत पडतो, त्यावर वर 'एमसीबीच (जादा लोड किंवा शॉर्ट झाला की लाइन तोडणारा खटका) बदला' असा सल्ला आलाय, पण थांबा जरा, तुम्ही म्हणताय त्यावर टेस्टचं बटण आहे म्हणजे तो बहुतेक आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा खटका, घरात सहसा ३० मिलिअँपिअरचा, करंट लीक झाला की पडतो. आधी खटका पूर्ण खाली दाबा, मगच वर करा, अर्धवट अडकला असेल तर बसत नाही. तरी पडला तर सगळे एमसीबी खाली करून बघा. गंमत म्हणजे सिंगल पोल एमसीबी फक्त फेज (करंट आणणारी वायर) तोडतो, न्यूट्रल (परतीची वायर) जोडलेलाच राहतो, त्यामुळे गीझरचं एलिमेंट फुटलं असेल तर न्यूट्रलमधून लीक होऊन सगळे एमसीबी बंद असूनही हा आरसीसीबी पडू शकतो, म्हणून प्लगच उपसायचे, पावसाळ्यात बाल्कनीतला पॉइंट आधी. तेवढं करूनही राहिला नाही तर वायरमनला मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) घेऊन बोलवा, आणि 'डायरेक्ट करून देतो', म्हणजे आरसीसीबी काढून वायर थेट जोडतो, म्हणाला तर दुसरा शोधा.