मदत हवी आहे: टुरिंग सायकलला हब गिअर आणि बेल्ट, सातारा

मंडळी, स्टीलची फ्रेम, मागची रुंदी १३५ मिमी, डिस्क ब्रेक, सामान २० किलोपर्यंत. पावसाळ्यात यवतेश्वर-कासचा लाल चिखल डिरेल्युअरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी उघडी यंत्रणा) खातो, म्हणून हब गिअर, म्हणजे मागच्या चाकाच्या हबमध्येच बंद असलेले गिअर, हवाय.

शिमानोच्या अल्फिन ८ या आठ गिअरच्या हबचा पल्ला (सगळ्यात हलक्या गिअरच्या तुलनेत सगळ्यात जड गिअर किती) ३०७ टक्के. पुढे ३८, मागे २० दात धरले तर पहिला गिअर जेमतेम १:१ येतो, म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाकाची एक फेरी. सामानासह केळघर घाटात तो जडच जाणार. रोहलॉफ कंपनीच्या हबला १४ गिअर, पल्ला ५२६ टक्के. त्याच दातांवर पहिला गिअर ०.५३ मिळतो, पण किंमत बघून डोळे पांढरे होतात! अल्फिन ११ (४०९ टक्के) वर सामान लादून घाट चढलेलं कुणी आहे का?

खरी अडचण बेल्टची, म्हणजे चेनऐवजी लावायच्या दातेरी पट्ट्याची. तो तोडून जोडता येत नाही, म्हणजे तो आत घालायला फ्रेमचा मागचा त्रिकोण कुठेतरी कापून जोड बसवावा लागणार. साताऱ्यात किंवा सांगलीत असं ब्रेझिंग (पितळेसारखा धातू वितळवून सांधणं) नीट करणारं कुणी माहीत आहे का? फ्रेम लवचिक राहिली तर चढावर जोर लावताच बेल्ट दात सोडतो. शिवाय ड्रॉपआउट (मागचं चाक बसतं त्या खाचा) उभे आहेत, त्यामुळे चाक मागे ओढून बेल्ट ताणता येत नाही. ताणासाठी एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस पुढे-मागे सरकवता येणारी बैठक) चालेल का?

की हब गिअरला सरळ साधी चेनच लावू? ती निदान मेढ्यातही मिळेल.